थिकनेस प्लेनर: मशीन बसवण्यापासून पहिली फळी बाहेर येईपर्यंत

थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी रंधून सगळीकडे एकसारख्या जाडीची करणारं मशीन, घेणाऱ्या बहुतेकांची एक समजूत असते: वाकडी फळी एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने सरळ होऊन येणार. तसं होत नाही. वाकडी फळी वाकडीच बाहेर येते, फक्त आणखी पातळ आणि गुळगुळीत होऊन.

कारण मशीनच्या रचनेतच आहे. फळी खालच्या सपाट बेडवरून सरकते, वरून पाती फिरतात, आणि आतले रोलर तिला बेडवर घट्ट दाबून पुढे ओढतात. कमान पडलेली फळी त्या दाबाखाली तेवढ्यापुरती सपाट होते, वरून एकसारखी कापली जाते आणि दाब सुटला की पुन्हा आपल्या मूळ आकारात उसळते. म्हणजे प्लेनर वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, बस. खालची बाजू सपाट असेल तर वरची सपाट होईल. खालची पिळलेली असेल तर पीळही तसाच वर उतरेल. पुढचं सगळं या एका गोष्टीला धरूनच आहे.

मशीनच्या आत काय चालतं

टेबलावर ठेवायच्या छोट्या मशीनमध्ये साधारण १२ ते १३ इंच रुंद आणि ६ इंच जाड लाकूड मावतं. मधोमध कटर ब्लॉक असतो, त्यात दोन किंवा तीन सरळ पाती बसवलेली असतात. ब्लॉकच्या अलीकडे आत घेणारा रोलर आणि पलीकडे बाहेर काढणारा रोलर. मोठ्या मशीनमध्ये याशिवाय लाकडाला पात्याजवळच दाबून धरणारी पट्टी असते आणि आत शिरायच्या बाजूला दातेरी अडसरांची रांग. फळी मागे उसळली तर हे अडसर तिच्यात रुततात आणि तिला धरतात. ते अडकलेले नाहीत, मोकळे लोंबतात ना, हे बोटाने हलवून पाहायचं. अर्थात प्लग काढलेला असताना.

पाती फळीच्या चालीच्या उलट दिशेने कापतात. विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली अमेरिकेत ज्या रंधा यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही फिरती पाती आणि लाकूड दाबून पुढे नेणारे रोलर हीच जोडी होती. मूळ कल्पना अजून तीच आहे.

कापलेला पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटला तरी तो हजारो बारीक खोलगट कापांचा बनलेला असतो. हिशेब करून पाहा. ब्लॉक मिनिटाला १०,००० फेरे घेतो, पाती तीन, म्हणजे मिनिटाला ३०,००० काप. फळी मिनिटाला ८ मीटर सरकते, म्हणजे ८,००० मिलिमीटर. दर मिलिमीटरला पावणेचार काप पडले. फळी निम्म्या वेगाने गेली तर साडेसात पडतील आणि फिनिश तेवढी बारीक येईल. काही मशीनला दोन वेग असतात ते यासाठीच: जाडी उतरवताना जलद, शेवटच्या फेरीला सावकाश.

सरळ पात्यांऐवजी चौकोनी छोट्या पात्यांचा नागमोडी ब्लॉकही मिळतो. आवाज कमी, उलटसुलट रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लाकडात उचकटणं कमी, आणि एक कोपरा बोथट झाला की पातं फिरवून दुसरा वापरता येतो. महाग असतो. नवशिक्याने त्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. सरळ पात्यांवर हात बसला की आपल्याला तो खरंच लागतो का, हे आपोआप कळतं.

मशीन बसवणं

मशीन जड असतं आणि चालताना थरथरतं. बैठक न हलणारी हवी आणि मशीन तिला बोल्टने आवळलेलं हवं. पुढेमागे किती जागा सोडायची? सर्वांत लांब फळीची लांबी आत शिरायच्या बाजूला आणि तेवढीच बाहेर पडायच्या बाजूला. आठ फुटी फळी घालायची तर मशीन धरून सतरा-अठरा फूट मोकळे लागतात. जागा नसेल तर मशीन चाकांच्या बैठकीवर ठेवून दरवाजाच्या रेषेत आणता येतं, पण चाकांना पक्के ब्रेक हवेत.

वीज थेट भिंतीवरच्या सॉकेटमधून घ्या. एक्स्टेंशन लावावंच लागलं तर आखूड आणि जाड वायरीचं. बारीक, लांब वायरीत विजेचा दाब कमी होतो, मोटर धापा टाकते आणि तापते. त्याच लाइनवर भुसा ओढणारं यंत्रही जोडलं तर फ्यूज उडण्याची शक्यता मोठी.

भुशाची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. प्लेनर किती ढलप्या काढतो याचा अंदाज पहिल्यांदा कुणालाच नसतो, दहा मिनिटांत पोतं भरतं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर इथे पुरत नाही, त्याची नळी लगेच तुंबते. चार इंची नळीचा, भरपूर हवा ओढणारा डस्ट कलेक्टर लागतो. स्वच्छता हा त्यातला एक भाग झाला. ढलप्या नीट ओढल्या गेल्या नाहीत तर त्या बाहेर काढणाऱ्या रोलरखाली सापडतात आणि ताज्या कापलेल्या पृष्ठभागात दाबल्या जातात. फळीवर विखुरलेले छोटे खळगे दिसले की पात्याला दोष देण्याआधी भुशाची नळी तपासा. आणि बारीक धूळ तब्येतीलाही वाईटच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. कलेक्टर असला तरी मास्क लावायचाच.

बेडवर पारदर्शक मेण चोळून कोरड्या फडक्याने चकचकीत करा. फळी अडकत अडकत जात असेल तर निम्म्या वेळा हाच उपाय असतो. सिलिकॉन असलेला स्प्रे मात्र वापरू नका. तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

आता दोन तपासण्या. पहिली, कटर ब्लॉक बेडला समांतर आहे का. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक बेडच्या डाव्या कडेने आणि एक उजव्या कडेने, एकाच मापावर मशीनमधून काढा. वर्निअर कॅलिपरने दोन्हींची जाडी मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर काम उत्तम. जास्त असेल तर मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने ब्लॉक किंवा बेड सारखा करा, नाहीतर प्रत्येक फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ निघत राहील.

दुसरी तपासणी मशीनवर जाडी दाखवणाऱ्या स्केलची. एक पट्टी काढा, कॅलिपरने मोजा, आणि स्केलचा काटा त्या आकड्यावर आणून आवळा. त्यानंतरही शेवटचं माप स्केलवरून ठरवू नका. स्केल अंदाजासाठी, कॅलिपर खात्रीसाठी.

फळी तयार करणं

प्लेनरचं निम्मं यश फळी आत जाण्याआधीच ठरतं.

जुनं लाकूड असेल तर खिळे, स्टेपल, स्क्रूचे तुकडे शोधा. डोळ्यांवर विसंबू नका, लोहचुंबक किंवा छोटा मेटल डिटेक्टर फिरवा. एक मोडका खिळा तिन्ही पात्यांना खाच पाडायला पुरतो. रंग, माती, वाळू, सुकलेला गोंद खरवडून काढा. प्लायवूड आणि एमडीएफ या मशीनमध्ये घालू नका, त्यांतला चिकट पदार्थ पात्यांची धार झपाट्याने खातो.

लाकूड वाळलेलं असावं. घरातल्या फर्निचरसाठी ८ ते १२ टक्के ओलावा साधारण ठीक. ओली फळी आज काटेकोर मापात आणली तरी वाळताना ती माप सोडणारच.

मग खालची बाजू सपाट करणं. त्यासाठी योग्य मशीन म्हणजे सरफेस प्लेनर, ज्याला काही जण जॉइंटर म्हणतात. ते नसेल तर हातरंध्याने उंचवटे उतरवता येतात. पूर्ण गुळगुळीत करण्याची गरज नाही, फळी सपाट ओट्यावर न डुगडुगता बसली की पुरे. फळी पन्हळीसारखी वळलेली असेल तर खोलगट बाजू खाली घालावी, म्हणजे ती दोन्ही कडांवर स्थिर बसते.

तिसरा मार्ग पाटाचा. फळीपेक्षा थोडा लांब, सपाट एमडीएफचा तुकडा घ्या. त्यावर फळी ठेवा, जिथे जिथे ती अधांतरी आहे तिथे लाकडाच्या पाचरी सरकवा आणि गरम गोंदाने जागच्या जागी चिकटवा. पाचरी नुसत्या टेकवायच्या, ठोकून बसवल्या तर फळी वर उचलली जाईल. पाटाच्या दोन्ही टोकांना फळीपेक्षा बऱ्याच बुटक्या पट्ट्या चिकटवा म्हणजे फळी पुढेमागे घसरणार नाही. स्क्रू नकोत, पात्याच्या वाटेत धातू येता कामा नये. पाटासकट फळी प्लेनरमधून काढली की वरची बाजू खरोखर सपाट होते. मग पाट काढा, फळी उलटी करा आणि नेहमीसारखी घाला. वेळ लागतो, पण सरफेस प्लेनरच्या पात्यापेक्षा रुंद फळीला हाच मार्ग सोयीचा.

लांबी किती हवी? दोन रोलरच्या मधल्या अंतरापेक्षा फळी पुरेशी लांब असली पाहिजे, नाहीतर एक रोलर सोडल्यावर दुसऱ्याने धरेपर्यंत ती पात्याखाली मोकळी राहील. बऱ्याच छोट्या मशीनना किमान १२ ते १४ इंच लागतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो आणि तो पाळायचाच असतो. छोटे तुकडे हवे असतील तर लांब फळी रंधून मग कापा. जाडी पाव इंचाच्या खाली न्यायची वेळ आली तर फळीखाली पाट घ्या, कारण पातळ लाकूड पात्याखाली फडफडतं आणि तुटतं.

कापलेली टोकं वर असलेला तुकडा, म्हणजे तंतूंची टोकं वर ठेवून जोडलेला भाजी कापायचा पाट, प्लेनरमध्ये कधीही घालू नका. पातं तंतूंच्या टोकांत अडकतं आणि तुकडा फुटून उडतो.

रेषा कुठल्या दिशेला

मांजराच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर केस बसतात, उलटा फिरवला तर उभे राहतात. लाकडाच्या तंतूंचं तसंच. पातं उलट गेलं की तंतू कापले न जाता उचकटतात आणि फळीवर खरबरीत खड्डे उरतात.

दिशा ओळखायला फळीच्या पृष्ठभागावर पाहू नका, कडेवर पाहा. तिथे रेषा तिरप्या धावताना दिसतील. फळी मशीनसमोर धरली असता या रेषा मशीनकडून तुमच्याकडे येताना वरच्या पृष्ठभागाकडे चढत असतील, तर दिशा बरोबर. मशीनकडे जाताना चढत असतील, तर फळी टोकाला टोक फिरवून घ्या. बरोबर टोकावर खडूने बाण काढला की प्रत्येक फेरीला डोकं खाजवावं लागत नाही.

फळी पालथी करताना इथे एक गंमत होते. लांबीच्या रेषेत, पुस्तकाचं पान उलटावं तशी कुशीवर वळवली तर रेषांचा उतार उलटा होतो. पुढचं टोक उचलून मागे, मागचं पुढे, अशी कोलांटी देऊन पालथी केली तर दिशा टिकून राहते. तसंच, सरफेस प्लेनरवर ज्या टोकाने फळी घातली होती, त्याच्या उलट टोकाने ती थिकनेस प्लेनरमध्ये जायला हवी.

काही लाकडांत रेषा मधेच दिशा बदलतात, गाठींभोवती तर हमखास. तिथे काप अगदी हलका घ्या आणि वेग कमी ठेवा. ओल्या फडक्याने पृष्ठभाग किंचित दमट केला तर तंतू मऊ पडतात आणि उचकटणं घटतं. तरीही राहिलेलं खरवडणीने किंवा सँडपेपरने काढायचं, मशीनशी हट्ट करायचा नाही.

फळी घालणं

कानावर इअरमफ हवेतच, हे मशीन ९० डेसिबलच्या वर सहज जातं. डोळ्यांवर चष्मा. हातमोजे नकोत, बाह्या सैल नकोत, केस बांधलेले. उभं राहायचं ते फळीच्या बाजूला, तिच्या सरळ मागे नाही, कारण उसळली तर ती मागेच येते. आणि आत काय चाललंय ते वाकून पाहायचं नाही.

१. फळी तीन-चार जागी मोजा. सर्वांत जाड जागेचं माप मशीनवर लावा, म्हणजे पहिल्या फेरीत पातं तिथे जेमतेम टेकेल. वरच्या बाजूवर पेन्सिलने नागमोडी रेघोट्या मारा. कुठे कापलं गेलं आणि कुठे नाही, हे त्यांवरून दिसतं.

२. आधी डस्ट कलेक्टर, मग प्लेनर सुरू करा. मोटरला पूर्ण वेग घेऊ द्या.

३. सपाट बाजू खाली ठेवून फळी सरळ आत सरकवा. रोलरने पकडली की ढकलणं बंद. हात फळीच्या कडांवर किंवा मागच्या टोकाला असावेत, बोटं फळीखाली बेडच्या कडेत सापडतील अशी नकोत.

४. अर्धी फळी आत गेली की बाहेरच्या बाजूला जा आणि तिला हलका आधार द्या. ओढू नका.

५. एका मापावर सगळ्या फळ्या काढून घ्या, मगच माप खाली आणा. नंतर तेच माप पुन्हा तंतोतंत लावणं जमत नाही, म्हणून एकाच कामाच्या फळ्या एकत्रच चालवाव्यात. सर्वांत जाड फळी आधी. बाकीच्या त्या मापाला पोहोचल्या की त्यांत सामील होतात.

६. वरच्या रेघोट्या पूर्ण गेल्या की फळी पालथी करा आणि यापुढे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढा. एकाच बाजूने सगळी जाडी उतरवली तर आतलं ताजं लाकूड एकीकडेच उघडं पडतं आणि रात्रीत फळी वळते.

किती खोल काप? सुतारी भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरच्या आसपास. छोट्या मशीनवर एवढा काप फक्त अरुंद, मऊ लाकडाला झेपतो. रुंद किंवा कठीण फळीला अर्ध्या सुताहून कमीच घ्या, आणि शेवटच्या दोन फेऱ्या पाव ते अर्धा मिलिमीटरच्या. कान उघडे ठेवा. मोटरचा सूर खाली उतरला की काप जास्त झाला.

माप लावायच्या हँडलच्या आट्यांमध्ये थोडी ढील असते. म्हणून शेवटचं वळण नेहमी काप वाढवण्याच्या दिशेनेच संपवा. माप पुढे गेलं तर नुसतं उलट फिरवून थांबू नका, एक फेरा मागे जा आणि पुन्हा खाली या.

महत्त्वाच्या कामाला फळी शेवटच्या मापापेक्षा २ ते ३ मिलिमीटर जाड ठेवून थांबावं. मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून दोन-तीन दिवस तशाच ठेवाव्यात. आतला ताण सुटून जी काय वळायची ती वळते, मग पुन्हा एक बाजू सपाट करून शेवटचं माप घ्यायचं. घाई असली की हीच पायरी आधी गाळली जाते, आणि टेबलाचा पृष्ठभाग नंतर डुगडुगतो.

टोकाचा खड्डा

फळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंचांपर्यंत किंचित खोल काप दिसतो. याला स्नाइप म्हणतात. फळी शिरताना तिला फक्त पहिला रोलर धरतो आणि निघताना फक्त दुसरा. त्या क्षणी मोकळं टोक बेडवरून थोडं उचललं जातं आणि पातं तिथे जास्त खातं. लांब फळीच्या बाहेर लोंबणाऱ्या भागाचं वजन त्यात भर घालतं.

उपाय बरेच आहेत, एकाने पूर्ण जात नाही. मशीनला पुढेमागे असणारी टेबलं बाहेरच्या टोकाला अर्धा ते एक मिलिमीटर उंच ठेवा. लांब सरळ पट्टी बेडवर टेकवून ते जुळवता येतं. फळी घालताना मागचं टोक जरासं उचलून धरा, म्हणजे पुढचं बेडवर दाबलं जाईल. बाहेर पडताना पुढचं टोक तसंच उचला. अनेक फळ्या असतील तर एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड टेकवून आगगाडीसारख्या सोडा, मग स्नाइप फक्त पहिलीच्या तोंडाला आणि शेवटचीच्या शेपटाला पडेल. त्या दोन जागी टाकाऊ तुकडे लावले की कामाच्या फळ्या सुटल्या.

सगळ्यांत खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: फळी दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जास्त ठेवा आणि शेवटी कापून टाका. महागडं लाकूड असेल तर मात्र वरचे उपाय करून पाहा.

बिघाड ओळखणं

फळी मधेच थांबली तर आत हात घालू नका, मागूनही ओढू नका. मशीन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या, प्लग काढा, ब्लॉक वर घ्या आणि मग फळी काढा. कारण बहुतेक वेळा काप जास्त असणं, बेड कोरडा असणं किंवा रोलरवर राळ बसलेली असणं यांतलं एक असतं. रबरी रोलर थोड्याशा ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावेत. पोलादी दातेरी रोलरला ब्रश पुरतो.

फळीच्या लांबीभर एकच बारीक उंच रेघ उमटली तर पात्याला खाच पडली आहे. पात्यांपैकी एक बाजूला मिलिमीटरभर सरकवलं तर एकाची खाच दुसऱ्याने झाकली जाते आणि रेघ जाते. सरकवायची सोय सगळ्याच मशीनमध्ये नसते. खोल आडव्या लाटा दिसल्या तर पाती एका उंचीला नाहीत. कडा जळल्यासारख्या चकचकीत, तंतू केसाळ आणि आवाज चढा झाला असेल तर धार गेली.

धार सगळीकडे सारखी झिजावी म्हणून फळ्या नेहमी मधूनच घालू नका. कधी डावीकडून, कधी उजवीकडून.

पाती बदलणं

प्लग काढा. बंद स्विचवर भागत नाही. इथे मात्र जाड हातमोजे घाला. ब्लॉक फिरवायचा तर लाकडाच्या तुकड्याने फिरवा, बोटाने नाही. पात्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे स्क्रू सैल करा आणि पातं लोहचुंबकाने उचला. सगळी पाती एकदमच बदलायची किंवा दोन्ही बाजूंना धार असेल तर एकदमच उलटायची, नवं-जुनं मिसळलं की वजनाचा तोल जातो. पातं बसतं ती खाच आणि पट्टी ब्रशने साफ करा, राळेचा एक कणही पात्याला वर उचलतो. खुंट्यांवर आपोआप बसणारी पाती असतील तर ती पूर्ण टेकली आहेत हे पाहा. नसतील तर मशीनसोबत आलेल्या गेजने उंची लावा. स्क्रू मधून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळत न्या. पूर्ण आवळल्यावर पुन्हा एकदा प्रत्येक स्क्रू हाताने तपासा, झाकण लावा, आणि मशीन फळी न घालता मिनिटभर चालवून ऐका. मग टाकाऊ पट्ट्यांवर समांतरपणाची तपासणी नव्याने करा आणि स्केलचा काटा पुन्हा जुळवून घ्या.